गाडी आली, नाव मागे राहिले

मोटारगाडी ही चल वस्तू असली, तरी तिची नोंद एका जागी बसलेली असते. नागपुरात सकाळी विकत घेतलेली गाडी संध्याकाळच्या आत वैनगंगेच्या खोऱ्यात पोहोचते, पण तिचा क्रमांक, मालकाचे नाव, भरलेला कर आणि तिच्यावरचे कर्ज ज्या नोंदवहीत लिहिलेले असते ती नोंदवही नागपुरातच राहते, आणि ती नोंद हलवण्यासाठी कागदांना जी वाट चालावी लागते ती गाडीच्या वाटेपेक्षा पुष्कळ लांब आणि वळणावळणाची असते. राज्याबाहेरून गाडी घेणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी या दोन प्रवासांमधल्या अंतरातून निर्माण होतात.

बालाघाट जिल्ह्यातील लालबर्रा हे बालाघाट–सिवनी मार्गावरील तालुक्याचे गाव या अंतराचे चांगले उदाहरण आहे. १९५० ते १९५६ या काळात मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि बालाघाट व भंडारा हे एकाच राज्याचे शेजारी जिल्हे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी मात्र तशाच राहिल्या: पोवार समाज आजही बालाघाट, सिवनी, गोंदिया आणि भंडारा या चारही जिल्ह्यांत पसरलेला असून लालबर्र्याच्या घरात गोंदिया-तिरोड्याची सून आणि तुमसरचे व्याही असणे ही नित्याची गोष्ट आहे. मोठ्या खरेदीसाठी नागपूर गाठण्याची सवयही तशीच टिकली, आणि जुन्या गाड्यांचा मोठा बाजार तिथेच असल्याने एमएच ३१, एमएच ४० किंवा एमएच ४९ पासिंगच्या गाड्या, आणि गोंदियाच्या एमएच ३५ च्या तर हमखास, या भागात उभ्या दिसतात. जिल्ह्याचा स्वतःचा क्रमांक एमपी ५० आहे. ‘पासिंग’ हा बोलीतला शब्द नोंदणीसाठी वापरला जातो, आणि गाडी कुठल्या ‘पासिंग’ची आहे हे विचारताना लोक नकळत कायद्याचाच प्रश्न विचारत असतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८, जो १ जुलै १९८९ पासून अमलात आहे, त्याच्या ४० व्या कलमानुसार मालकाचे राहणे किंवा व्यवसाय ज्या राज्यात आहे आणि गाडी जिथे सामान्यतः ठेवली जाते, त्या राज्यातील नोंदणी प्राधिकाऱ्याकडे तिची नोंद व्हावी लागते. एकदा झालेली नोंद ४६ व्या कलमाप्रमाणे साऱ्या भारतात चालते, म्हणून गोंदियाची गाडी बालाघाटच्या रस्त्यावर धावणे यात काहीही गैर नाही. प्रश्न उभा राहतो तो गाडी मुक्कामाला येते किंवा हात बदलते तेव्हा, आणि या दोन प्रसंगांत कायदा जो भेद करतो तो सर्रास विसरला जातो.

पहिला प्रसंग मालक तोच राहून राज्य बदलण्याचा आहे. नागपूरचा शिक्षक बदली होऊन वारासिवनीला आला आणि गाडी सोबत आणली, तर ४७ वे कलम त्याला सवड देते: गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवली तरच नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि नियमांप्रमाणे त्यासाठीचा अर्ज, म्हणजे २७ नंबरचा फॉर्म, ती मुदत संपल्यापासून ३० दिवसांत करायचा असतो. दुसरा प्रसंग विक्रीचा. तिथे ५० वे कलम लागते आणि त्याच्या मुदती दिवसांत मोजल्या जातात: गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल तर विकणाऱ्याने ४५ दिवसांत ना हरकत प्रमाणपत्रासह हस्तांतरणाची खबर द्यायची असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या भागातील नोंदणी प्राधिकाऱ्याकडे ती कळवायची असते. ‘वर्षभर बाहेरच्या नंबरवर गाडी चालवता येते’ हे चौकाचौकांत ऐकू येणारे वाक्य पहिल्या प्रसंगापुरते खरे आहे. लालबर्र्याच्या ज्या माणसाने नागपूरच्या माणसाकडून गाडी विकत घेतली, त्याला ते लागू पडत नाही, आणि याच अर्धवट सत्याच्या भरवशावर अनेक गाड्या वर्षानुवर्षे आधीच्या मालकाच्या नावावर फिरत राहतात.

गाडीच्या मालकीचा कागद म्हणून आपल्याकडे ‘आरसी बुक’ म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रच पुढे केले जाते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मालकीपत्र आणि नोंदणीपत्र असे दोन निरनिराळे कागद परिचित असतात. तिथे ‘टायटल’ नावाच्या कागदावर गाडी कोणाची आणि तिच्यावर कोणाचे कर्ज हे लिहिलेले असते, तर नोंदणी ही रस्त्यावर चालवण्याची परवानगी असते. ब्रिटनमध्ये नोंदणीच्या कागदावरच तो मालकीचा पुरावा नसल्याची सूचना छापलेली असते. भारतात टायटलसारखा स्वतंत्र कागद नाही. मालाची विक्री म्हणून पाहिले तर वस्तूवरचा हक्क १९३० च्या मालविक्री अधिनियमाप्रमाणे व्यवहाराबरोबरच खरेदीदाराकडे जातो, पण मोटार वाहन अधिनियमाच्या २ ऱ्या कलमातील व्याख्येनुसार ‘मालक’ म्हणजे ज्याच्या नावे गाडी नोंदलेली आहे तो. एकाच गाडीला अशा रीतीने दोन धनी होऊ शकतात, एक पैसे मोजून किल्ली घेतलेला आणि दुसरा नोंदवहीत उरलेला.

हा निव्वळ शब्दांचा खेळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने स्पष्ट झाले. त्या प्रकरणातील गाडी एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या अशा अनेक हातांत गेली होती, प्रत्येक वेळी पैसे आणि ताबा दिला गेला होता, पण नोंदवहीतले नाव पहिल्याच विक्रेत्याचे होते. पुढे अपघात झाला तेव्हा न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर टाकली, कारण अपघातग्रस्ताने खासगी व्यवहारांची साखळी शोधत फिरावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. म्हणजे नाव बदलण्याची घाई खरेदीदारापेक्षा विकणाऱ्याला असायला हवी. व्यवहारात मात्र नेमके उलटे घडते आणि विकणारा २९ व ३० नंबरच्या फॉर्मांवर कोऱ्या सह्या करून, तारीख न टाकता, दलालाच्या हाती देऊन मोकळा होतो. त्या कोऱ्या सह्यांवर गाडी पुढे कितीही वेळा विकली जाऊ शकते, आणि ई-चलान मात्र पहिल्याच्या मोबाइलवर येत राहते.

जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या विक्रेत्यांसाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये केलेले नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून, अधिकृत विक्रेत्याला प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची खबर पोर्टलवर दिली की ती पुढे विकली जाईपर्यंत तोच मानीव मालक ठरतो. ज्याच्याकडे असे अधिकारपत्र नाही त्याच्याशी केलेला व्यवहार या संरक्षणाबाहेर राहतो.

विम्याची बाजूही अशीच दुपेडी आहे. गाडी विकली की १५७ व्या कलमाने तृतीय पक्षाचा विमा, म्हणजे रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या नुकसानीचा विमा, खरेदीदाराच्या नावे गेला असे मानले जाते, परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करावा लागतो.

आता मुख्य कागद, ना हरकत प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘एनओसी’ म्हणतात आणि बालाघाटच्या कार्यालयात ‘अनापत्ति प्रमाणपत्र’ म्हणतात. ४८ व्या कलमाप्रमाणे ते मूळ नोंदणी कार्यालयाकडूनच मिळते, म्हणजे गोंदिया पासिंगच्या गाडीसाठी गोंदियाच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून; बालाघाटचा अधिकारी ते देऊ शकत नाही, कारण जे नाव त्याच्या नोंदवहीत कधी आलेच नाही ते तो मोकळे कसे करणार? अर्ज २८ नंबरच्या फॉर्मवर असतो, आणि आज तो वाहन पोर्टलवर भरला जात असला तरी चेसिस क्रमांकावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासून घेतलेला ठसा अजूनही अनेक ठिकाणी मागितला जातो. गाडीच्या लोखंडावर कोरलेला हा १७ चिन्हांचा क्रमांक तिची खरी ओळख असतो आणि पाटी बदलली तरी तो बदलत नाही.

एनओसी देण्यापूर्वी कार्यालयाने तीन गोष्टी पाहायच्या असतात: गाडी चोरीची असल्याची नोंद पोलिसांकडे नाही ना, तिच्यावर शासनाचा कर किंवा दंड थकलेला नाही ना, आणि ती कर्जात अडकलेली नाही ना. कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव प्रमाणपत्रावर चढलेले असते, त्याला ग्रामीण बोलीत ‘बोजा’ म्हणतात, सातबाऱ्यावरच्या बोज्यासारखाच. हप्ते फिटले म्हणजे बोजा उतरला असे नसते. बँकेचे पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन तो नोंदवहीतून उतरवावा लागतो, आणि जुन्या गाड्यांत कर्ज कधीच फिटलेले असूनही बोजा तसाच राहिल्याची उदाहरणे इतकी असतात की सौदा ठरण्याआधी हे पाहणे हा शहाण्या गिऱ्हाइकाचा पहिला उद्योग असतो. अर्ज केल्यापासून ३० दिवसांत कार्यालयाने नकार कळवला नाही तर प्रमाणपत्र दिले गेले असे मानण्याची तरतूद कायद्यात आहे; मात्र समोरच्या खिडकीवर ती केवळ पोचपावती दाखवून पटवून देणे हे निराळे कौशल्य आहे.

अधिक वादाचा विषय कर आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत वाहनांवरील कर हा राज्य सूचीतील ५७ वा विषय आहे, त्यामुळे प्रत्येक राज्य आपला दर ठरवते आणि खासगी गाडीवर बहुधा एकदाच, पहिल्या नोंदणीच्या वेळी, आयुष्यभराचा कर घेते. महाराष्ट्रात १० लाख रुपयांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर हा दर ११ टक्के आहे. नागपूरच्या मूळ मालकाने हा कर १५ वर्षांचा समजून भरला, आणि पाचव्या वर्षी गाडी लालबर्र्याला आली, तर मध्य प्रदेश आपला कर गाडीचे वय पाहून वेगळा मागतो. महाराष्ट्रात उरलेल्या काळाच्या कराचा परतावा मिळू शकतो, पण नवी नोंदणी झाल्याचा पुरावा घेऊन मागे जाऊन तो मागावा लागतो, आणि सौद्याच्या वेळी तो कोणाला मिळणार हे ठरलेले नसले तर घेणारा आणि देणारा यांच्यात त्यावरून खटके उडतात. एकाच रस्त्याचे पैसे दोनदा, हा राज्याबाहेरून गाडी घेणाऱ्याचा सर्वांत जुना तक्रारीचा सूर आहे आणि तो सर्वस्वी निराधार नाही.

या कराची झळ दक्षिणेकडच्या मराठी सीमाभागाने वेगळ्या रीतीने सोसली आहे. निपाणी, बेळगाव परिसरात कोल्हापूरच्या एमएच ०९ गाड्या रोज ये-जा करतात. कर्नाटकाने २०१४ मध्ये आपल्या कर कायद्यात बदल करून ३० दिवसांहून अधिक काळ राज्यात राहिलेल्या बाहेरच्या गाडीकडून आयुष्यभराचा कर मागण्याची तरतूद केली, तेव्हा केंद्रीय कायद्याची १२ महिन्यांची सवड आणि राज्याचे ३० दिवस यांच्यात उघड विरोध निर्माण झाला. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती तरतूद रद्द ठरवली. कर लावण्याचा अधिकार राज्याचा असला तरी यांत्रिक वाहने आणि त्यांच्या करआकारणीची तत्त्वे हा विषय समवर्ती सूचीत असल्याने केंद्राच्या कायद्याला डावलता येत नाही.

कोरी, म्हणजे शोरूममधली नवी गाडी राज्याबाहेरून घ्यायची असेल, तर वाट जरा सोपी असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नव्या गाडीची नोंदणी विक्रेत्यानेच करून द्यायची असते, पण ती गाडी विक्रेत्याच्याच राज्यात नोंदवायची असेल तेव्हाच. गोंदियाच्या शोरूममधून घेतलेली गाडी लालबर्र्याच्या पत्त्यावर नोंदवायची तर तात्पुरत्या नोंदणीवर ती आणून खरेदीदाराने स्वतः बालाघाटला अर्ज करावा लागतो. या गाडीला एनओसी लागत नाही आणि कर एकाच राज्याला भरावा लागतो, एवढा फायदा मोठाच आहे.

ज्यांच्या नोकरीतच राज्ये बदलत राहतात त्यांच्यासाठी १५ सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिका सुरू झाली. तिच्या क्रमांकात राज्याचे अक्षर नसते, सुरुवातीला नोंदणीच्या वर्षाचे दोन अंक आणि मग बीएच असते, आणि कर १५ वर्षांचा एकदम न घेता दोन वर्षांच्या पटीत घेतला जातो. सैन्यातील, केंद्र-राज्य सरकारच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या कर्मचाऱ्यांना, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना ती खुली आहे. मुख्यालय नागपुरात आणि खाणी भरवेली, तिरोडीसारख्या बालाघाटच्या गावांतही असलेल्या मॉइल या मँगेनीज कंपनीचा कर्मचारी तिचा लाभ घेऊ शकतो. शेजारच्या शेतकऱ्याला आणि दुकानदाराला मात्र ती बंद आहे.

त्यांच्यासाठी उरतो तो जुनाच मार्ग, आणि त्याचा शेवटचा टप्पा बालाघाटच्या कार्यालयात असतो. तिथे एनओसी, हस्तांतरणाचे फॉर्म, विमा, प्रदूषण चाचणीचा दाखला आणि पत्त्याचा पुरावा दिल्यावर गाडी समक्ष दाखवावी लागू शकते; चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक कागदाशी जुळले आणि कर भरला की एमपी ५० ने सुरू होणारा क्रमांक मिळतो, आणि नव्या कार्यालयाने जुन्या कार्यालयाकडून नोंद आपल्याकडे वळवून घ्यायची असते. प्रमाणपत्राची मुदत मात्र नव्याने सुरू होत नाही. ती पहिल्या नोंदणीपासूनच मोजली जाते, म्हणून तेरा वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली तरी दोन वर्षांनी तिची तपासणी आणि नूतनीकरण दारात येऊन उभे राहते. मग जुनी पाटी उतरते, नवी उच्च सुरक्षा पाटी रिव्हेटने बसते, आणि नव्या प्रमाणपत्राची प्रत घेऊन कोणीतरी परताव्याच्या अर्जासाठी पुन्हा गोंदियाची किंवा नागपूरची बस धरतो.