समाजाशी जुळलेल्या आरोग्य केंद्रातील तात्पुरते साहाय्यक काम

प्रस्तावना

आरोग्य केंद्र म्हटले की डॉक्टर आणि परिचारिका आठवतात. पण दारात आलेल्या रुग्णाला सर्वांत आधी भेटते ती नोंदणीच्या टेबलामागची व्यक्ती. हे काम पुष्कळदा तात्पुरत्या माणसाकडे असते. कधी तो रजेवर गेलेल्याच्या जागी आलेला कर्मचारी असतो, कधी शिबिरापुरता आलेला स्वयंसेवक, तर कधी क्षेत्रकार्यासाठी आलेला समाजकार्याचा विद्यार्थी. अशा कामाचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा या पाठात पाहू.

१. समाजाशी जुळलेले केंद्र म्हणजे काय?

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. आदिवासी लोक रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारले. मोठ्या इमारतींची भीती वाटते, तिथली भाषा कळत नाही, नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत, अशी उत्तरे आली. पांढरे कापड आपण प्रेताला गुंडाळतो आणि तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत फिरतात, असेही लोक म्हणाले. रुग्णालयात देव नसतो, ही आणखी एक तक्रार होती.

यातली एकही तक्रार औषधांबद्दल नाही, हे लक्षात घ्या. या उत्तरांवरून शोधग्राम येथील दवाखाना आदिवासी गावासारखा, झोपड्यांच्या रचनेत उभारला गेला. नातेवाइकांना राहण्याची सोय झाली. दवाखान्याला माँ दंतेश्वरी या देवीचे नाव मिळाले.

तमिळनाडूतील निलगिरी जिल्ह्यात गुडलूर येथे ‘अश्विनी’ या संस्थेने वेगळा मार्ग घेतला. तिथल्या रुग्णालयात आदिवासी मुलींनाच परिचारिकेचे प्रशिक्षण दिले गेले. त्यामुळे रुग्णाला आपल्या माणसांशी बोलता येते.

दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे. रुग्णाने केंद्राच्या पद्धतीशी जुळवून घ्यायचे नसून केंद्राने लोकांच्या रीतीशी जुळवून घ्यायचे असते. मग थोड्या दिवसांसाठी बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्यालाही हाच नियम लागू होतो.

२. कामाचे स्वरूप

अशा केंद्रांत साहाय्यक कामात साधारणपणे पुढील गोष्टी येतात:

- रुग्णांची नोंदणी करणे आणि जुना केसपेपर शोधून देणे
- रांग सांभाळणे, गंभीर रुग्ण दिसल्यास लगेच परिचारिकेला कळवणे
- दुभाषाला बोलावणे आणि नातेवाइकांना जागा दाखवणे
- औषधांच्या साठ्याची नोंद ठेवणे
- पुन्हा येण्याचा दिवस रुग्णाला समजावून सांगणे

शेवटचे काम सोपे वाटते, पण चूक नेमकी तिथेच होते. कार्डावर ‘१४ तारीख’ लिहून दिली, पण घरात कॅलेंडर नसेल तर? त्याऐवजी “दोन बाजार झाले की या, जमेल ना?” असे विचारले, तर दिवस लक्षात राहतो. बाजाराच्या दिवशी गाडी मिळते आणि मजुरीही बुडत नाही. गावाचा बाजार कोणत्या वारी भरतो, हे तिथल्या सफाई कर्मचाऱ्याला किंवा आशाताईंना विचारले तरी कळते.

३. एक उदाहरण

समजा, तुमची नेमणूक दोन महिन्यांची आहे. पहिल्याच आठवड्यात क्षयरोगाच्या एका रुग्णाचे उपचार सुरू होतात. नेहमीच्या क्षयरोगाचे उपचार सहा महिन्यांचे असतात. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे दिली जातात. औषधे मध्येच थांबली तर आजार उलटतो आणि जंतूंवर औषधे निष्प्रभ होण्याचा धोका वाढतो.

दोन महिन्यांत रुग्णाची तुमच्याशी ओळख होते. तो तुमच्या नावाने चौकशी करू लागतो. त्याच सुमारास त्याला बरेही वाटू लागते आणि तेव्हाच तुम्ही निघून जाता. त्याचा विश्वास फक्त तुमच्यावर असेल, तर उरलेले चार महिने धोक्यात येतात. म्हणून पहिल्या दिवसापासून त्याची गाठ गावातल्या आशाताईंशी आणि कायमच्या परिचारिकेशी घालून द्यावी.

४. मर्यादा

- औषधाचा सल्ला स्वतः देऊ नये.
- आपल्या हातात नसलेले आश्वासन देऊ नये.
- रुग्णाचा आजार शेजाऱ्यालाच काय, त्याच्या नातेवाइकालाही परस्पर सांगू नये.
- पुजाऱ्याकडे जाऊन आलेल्या रुग्णाची थट्टा करू नये. थट्टा झाली तर पुढच्या वेळी तो ही गोष्ट लपवेल आणि डॉक्टरांना आजाराची पूर्ण हकिकत मिळणार नाही.
- परवानगीशिवाय छायाचित्र काढू नये.

५. कार्यभार सोपवताना

शेवटच्या आठवड्यात एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: कोणाचे उपचार अर्धवट आहेत, कोणाला कोणता दिवस दिला आहे आणि कोणाशी कोणत्या भाषेत बोलावे लागते. ही वही पुढच्या माणसासमोर बसून वाचावी. नुसती टेबलावर ठेवून जाऊ नये.

सारांश

तात्पुरता असतो तो कर्मचारी. रुग्णाचा आजार आणि केंद्राशी असलेले त्याचे नाते पुढेही चालू राहते. आपण गेल्यानंतर किती रुग्ण ठरल्या दिवशी परत आले, यावरून आपले काम कसे झाले ते कळते.

स्वाध्याय

१. गडचिरोलीतील लोकांच्या उत्तरांवरून दवाखान्याच्या रचनेत कोणते बदल झाले?
२. तुमच्या परिसरातील एखाद्या आरोग्य केंद्रात अर्धा दिवस बसा. न बोलता परत गेलेल्या रुग्णांची संभाव्य कारणे लिहा.