नेमसाधना, व्हिडिओ खेळांतील
संगणकाच्या पडद्यावरील हलते वा स्थिर लक्ष्य अचूक टिपण्याचा, तसेच अकाली चाप ओढण्याचा आवेग आवरण्याचा अभ्यास. ‘डूम’ (१९९३) व ‘क्वेक’ (१९९६) या खेळांनी नेमबाजीचे खेळ लोकप्रिय केले. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या (२०००) स्पर्धांमुळे या अभ्यासाला शिस्त आली.

हाताने लक्ष्य गाठण्याच्या क्रियेचे दोन टप्पे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी १८९९ मध्ये दाखविले : प्रथम एक वेगवान झेप व मागाहून दृष्टीच्या आधारे केलेली दुरुस्ती. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये या क्रियेचा गणिती नियम मांडला. लक्ष्य जितके दूर व जितके अरुंद, तितका ते गाठण्यास वेळ अधिक लागतो. माउसने धरलेल्या नेमालाही हा नियम बव्हंशी लागू पडतो. म्हणूनच कसलेले खेळाडू शत्रू ज्या कोपऱ्यातून येण्याचा संभव असतो, तेथे डोक्याच्या उंचीवर नेमचिन्ह आधीच रोखून ठेवतात. अंतर कमी झाले की हाताच्या चपळाईची गरजही कमी होते. नवशिके मात्र चपळाईच्याच मागे लागतात.

आवेगाचा प्रश्न अधिक बिकट आहे. गॉर्डन लोगन व विल्यम कोवन यांच्या १९८४ मधील उपपत्तीनुसार कृती करण्याची व ती थांबविण्याची अशा दोन प्रक्रियांत जणू शर्यत लागते. थांबविण्याच्या प्रक्रियेस निरोगी तरुणासही सु. २०० मिलिसेकंद वा थोडा अधिक वेळ लागतो. चाप ओढण्याची क्रिया फार पुढे गेली असेल, तर केवळ इच्छाशक्तीने ती रोखता येत नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’ची रचनाच अशी आहे, की उतावळेपणाची शिक्षा तत्काळ मिळते : धावता धावता झाडलेल्या गोळ्या विखुरतात, चाप दाबून धरल्यास बंदुकीची नळी वर उचलली जाते आणि ओलीस मारला गेल्यास पैसे कापले जातात.

सरावासाठी ‘एम लॅब’, ‘कोव्हाक’ यांसारखे स्वतंत्र कार्यक्रम वापरतात. त्यांत वेळ व अचूकता या दोहोंची नोंद होते. आरंभी संथपणे अचूकता साधून मग वेग वाढविणे हितावह ठरते. काही लक्ष्ये टिपावयाची व काही सोडावयाची, असा मिश्र सराव संयमासाठी उपयुक्त असतो. केवळ वेगाचे गुण मोजणारा सराव उतावळेपणाच रुजवितो.

शॉन ग्रीन व डॅफ्ने बाव्हेलिअर यांनी २००३ मध्ये असे दाखविले, की वेगवान खेळांच्या थोड्या सरावाने न खेळणाऱ्यांचेही दृष्टिगत अवधान सुधारते. असे खेळाडू अचूकता न गमावता त्वरित प्रतिसाद देतात, असेही पुढे आढळले. मात्र हा लाभ खेळाबाहेर कितपत पोहोचतो, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.

पराभवानंतर चिडून बेभान खेळणे यास खेळाडू ‘टिल्ट’ म्हणतात. धसमुसळेपणाने हलविल्यास बंद पडणाऱ्या पिनबॉल यंत्रावरून हा शब्द आला. अशा वेळी उठून जाणे हाच उपाय. पण तोच अनेकांना साधत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अंमलात आलेल्या रोगवर्गीकरणात खेळविकृतीचा समावेश असून खेळ केव्हा सुरू करावा व केव्हा थांबवावा यांवरील ताबा सुटणे, हे तिचे एक प्रमुख लक्षण मानले आहे.