पिटातून बाल्कनीत

जून २०२२, सकाळी ६.३०

जूनमध्ये लंडनला पावणेपाचलाच उजाडतं. त्यामुळे साडेसहाला उठूनही उशीर झाल्यासारखंच वाटतं. वसतिगृहाचं स्वयंपाकघर मजल्यावरच्या सगळ्यांचं मिळून एक आहे. या वेळी तिथे कोणी नसतं, म्हणून तवा निवांत मिळतो. आईनं दिलेल्या भाजणीची थालीपीठं लावते. दोन आत्ता खायला आणि दोन डब्यात. इथे एकदा बाहेर जेवलं की एका नाटकाचं तिकीट गेलं, असा माझा सरळ हिशोब आहे.

वर्ग संपलेत, प्रबंध उरलाय. विषय आहे नाटकाचा प्रेक्षक. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, लिहायला बसायच्या आधी आठवडाभर नुसतं बघ. दिवसा शहर बघ, दुपारी-संध्याकाळी नाटकं बघ, आणि नाटकाइतकंच आजूबाजूच्या माणसांकडेही लक्ष दे. त्यामुळे हा आठवडा भरगच्च आहे. ब्रिटिश म्युझियममधली अमरावतीची शिल्पं झाली, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधला टिपूचा लाकडी वाघ झाला. १९५२पासून चालत आलेलं ‘माउसट्रॅप’ही पाहिलं. मधली महामारीची सक्तीची सुट्टी सोडली तर ते थांबलेलंच नाही. आज एकाच दिवसात दोन नाटकं आहेत, दुपारी ‘किंग लिअर’ आणि रात्री नथुराम गोडसेवरचं नाटक.

८.००

सांगलीत आत्ता साडेबारा झालेत. बाबा फोनवर येतात.

“अगं, लिअर बाई करतेय म्हणतेस?”

“हो बाबा. कॅथरिन हंटर. १९९७मध्येही तिनंच केला होता. तीच दिग्दर्शिका, हेलेना काउट-हाउसन.”

बाबा जरा वेळ गप्प राहतात. त्यांच्या डोक्यात म्हातारा राजा म्हटलं की ‘नटसम्राट’ आणि श्रीराम लागू. शिरवाडकरांनी लिअरची सावली त्या नाटकातल्या बेलवलकरांवर पाडली ती १९७०मध्ये. त्या सावलीतून बाबा अजून बाहेर आलेले नाहीत, आणि मला वाटतं त्यांनी येऊही नये. “आवाज कसा लागतो ते सांग,” एवढंच म्हणतात आणि फोन आईकडे देतात.

१०.४५

चॉक फार्म स्टेशनवरून चालत किंग हेन्रीज रोड. राणीच्या राज्यारोहणाला सत्तर वर्षं झाली म्हणून महिन्याच्या सुरुवातीला चार दिवस सुट्टी होती. त्या पताका काही खिडक्यांत अजून लटकतायत. दहा नंबरचं घर आजूबाजूच्या घरांसारखंच आहे, विटांचं, शांत. १९२१-२२मध्ये बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारनं २०१५मध्ये हे घर विकत घेतलं आणि आता ते स्मारक आहे.

मी इथे आले ती एका विद्यार्थ्याची खोली बघायला. १९१६मध्ये ते पहिल्यांदा लंडनला आले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत जावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, १९२०मध्ये पुन्हा आले आणि १९२३मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधावर डी.एस्सी. मिळवली. धनंजय कीरांच्या चरित्रात त्या दिवसांच्या उपासमारीचं वर्णन आहे. सकाळी पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय, आणि रात्री भूक असह्य झाली की ओळखीच्यानं दिलेले पापड भाजून खायचे. आज माझ्या पिशवीत डबा आहे, फोनमध्ये तिकिटं आहेत, शिष्यवृत्ती वेळेवर जमा होते. त्या खोलीत उभं असताना या तिन्ही गोष्टींची जाणीव झाली आणि कृतज्ञतेनं डोळे भरून आले. बरोबरचं नागपूरचं कुटुंब फोटोपुढे हात जोडून बराच वेळ उभं होतं. त्यांच्यातल्या आजींनी चपला दाराबाहेरच काढल्या होत्या. संग्रहालयाला प्रेक्षक असतात, या घराला दर्शनाला येणारी माणसं आहेत. हे मी वहीत लिहून घेतलं.

१२.३०

नॉर्दर्न लाइनचा बँक स्टेशनमधून जाणारा फाटा कामासाठी महिनोन्महिने बंद होता, तो मेमध्ये पुन्हा सुरू झाला. त्यामुळे चॉक फार्महून थेट लंडन ब्रिज. बरो मार्केटमधले वास घेत घेत सदर्क कॅथेड्रलच्या आवारात जाऊन थालीपीठ खाल्लं. शेक्सपिअरचा धाकटा भाऊ एडमंड, तोही नट, १६०७मध्ये इथे पुरला गेला.

१.१५

‘लिअर’साठी शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरच्या दारात रांग लागलीय. बसून बघायची तिकिटं महाग, पण रंगमंचापुढच्या अंगणात उभं राहायचं तिकीट पाच पौंडांपासून मिळतं. आपल्याकडे संगीत नाटकाच्या काळात जो पिटातला प्रेक्षक होता, तोच हा. फक्त इथे बसायची मुभा नाही. कोणी टेकलं की स्वयंसेवक येऊन नम्रपणे उठवतात. पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही, कारण मागच्याचं नाटक झाकलं जातं.

हे मूळचं थिएटर नाही. मूळ ग्लोब १५९९चं. १६१३मध्ये ‘हेन्री आठवा’ चालू असताना तोफेचा बार काढला, ठिणगी गवती छपरात शिरली आणि तासा-दोन तासांत सगळं जळून गेलं. माणसं वाचली. एकाची विजार पेटली होती, ती बिअर ओतून विझवली, अशी त्या वेळच्या एका पत्रात नोंद आहे. हे नवं थिएटर सॅम वॉनामेकर या अमेरिकन नटाच्या हट्टातून उभं राहिलं. त्यासाठी तो काही दशकं झगडला आणि १९९३मध्ये वारला. १९९७मध्ये दारं उघडली ती त्याला बघायला मिळाली नाहीत. १६६६च्या मोठ्या आगीनंतर लंडनमध्ये गवती छपराला परवानगी मिळालेली ही पहिली इमारत. एका माणसानं दुसऱ्या देशातल्या नाटकवाल्यासाठी आयुष्य वेचावं, याबद्दल मला फार आदर वाटतो. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं, त्या जागेचा अनुभव आज कोणाला घेता येत नाही. कोणीतरी वॉनामेकरसारखा हट्ट आपल्याकडेही धरायला हवा.

२.००

मला रंगमंचाला अगदी चिकटून जागा मिळाली. कोपर फळीवर ठेवलं की नटांच्या बुटांवरची धूळ दिसते. छत फक्त गॅलऱ्यांवर आणि रंगमंचावर आहे. आमच्या डोक्यावर आभाळ. मधूनच विमान जातं, नट क्षणभर थांबतात, विमान गेलं की बोलतात.

लख्ख उजेडात वादळाचा प्रवेश कसा उभा राहणार, याची मला उत्सुकता होती. दिवे नाहीत, अंधार नाही, पडदा नाही. हंटर अंगानं अगदी लहानखुरी, आवाज मात्र खरखरीत आणि खोल. ती तो आवाज आभाळाकडे फेकते. आणि मग राजा बेघरांविषयी बोलतो तेव्हा तिची नजर खाली येते, सरळ आमच्यावर, उभ्या असलेल्यांवर. नाट्यगृहात अंधार असतो तेव्हा नटाला प्रेक्षक दिसत नाही, आपण लपलेले असतो. इथे तिला माझा चेहरा दिसतोय, मला पलीकडच्या गॅलरीतल्या बाईचा चेहरा दिसतोय आणि सगळ्यांना सगळे दिसतायत. राजाच्या राज्यातली ती उघड्यावरची माणसं कोण, हा प्रश्नच उरत नाही. पाच पौंड देऊन आम्हीच तिथे उभे आहोत.

कॉर्डेलिया आणि विदूषक दोन्ही भूमिका मिशेल टेरीच करते. ती या थिएटरची कलादिग्दर्शकही आहे. शेवटी लिअर मेलेल्या मुलीशी बोलता बोलता ‘माझा विदूषक’ म्हणतो, तेव्हा तो शब्द कोणासाठी आहे, हे वाचताना नेहमी कोडं वाटायचं. आज एकच चेहरा समोर असल्यामुळे ते कोडं राहिलंच नाही.

बाबांना निरोप पाठवला: “आवाज लागतो. छातीत लागतो.”

५.३०

पाय भरून आलेत, तरी नदीकाठानं नॅशनल थिएटरपर्यंत चालतच जायचं. ब्लॅकफ्रायर्स पूल मागे टाकला की पलीकडच्या तीरावर झाडी दिसते. ती इनर टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेची बाग. १८८८मध्ये आलेले मोहनदास गांधी तिथेच कायदा शिकले, जून १८९१मध्ये बॅरिस्टर झाले. १९२२मध्ये शिक्षा झाल्यावर त्याच संस्थेनं त्यांचं नाव काढून टाकलं आणि १९८८मध्ये पुन्हा घातलं. आता दोन तासांनी त्यांचा खून करणारा माणूस माझ्याशी बोलणार होता, म्हणून मी कठड्याला टेकून ती झाडी बराच वेळ बघत राहिले.

७.३०

डेनिस लॅस्डननं बांधलेली नॅशनलची इमारत १९७६ची, उघड्या काँक्रीटची. अनेकांना ती आवडत नाही. मला आवडते, कारण तिथे तिकिटाशिवाय कोणीही दिवसभर येऊन बसू शकतं. पंचविशीच्या आतल्यांसाठी स्वस्त तिकिटं असतात, त्यातलं माझं. जागा ऑलिव्हिएर सभागृहाच्या बाल्कनीत.

‘द फादर अँड द असॅसिन’ हे चेन्नईच्या अनुपमा चंद्रशेखर यांचं नाटक, दिग्दर्शन इंदू रुबासिंघम यांचं. शुभम सराफ नथुराम होतो आणि आल्या आल्या प्रेक्षकांशी गप्पा मारू लागतो. तो देखणा आहे, चटपटीत आहे, मिस्कील आहे. सभागृह हसतं. मला हसू येत नाही. मागे प्रचंड विणलेलं कापड आहे, आणि शिवणकाम शिकलेल्या या माणसाची गोष्ट त्या धाग्यांपुढे चालू आहे. तो शिंपीकाम शिकला, दुकान काढलं, ते आमच्या सांगलीत. १९४८मध्ये गांधींच्या खुनानंतर आमच्या भागात झालेल्या जाळपोळीच्या हकिकती घराघरांत आहेत, आणि अजून हळू आवाजातच सांगतात. १९९८मध्ये प्रदीप दळवींचं ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ आलं तेव्हा केवढा गदारोळ उठला होता, हे बाबांकडून कितीदा ऐकलंय.

मध्यंतरात शेजारच्या वयस्कर बाईंनी विचारलं, तुम्ही त्या भागातल्या का? हो म्हटलं. “मग तुम्हाला हे आधीच माहीत असेल.” माहीत होतं, पण असं समोर बसून कधी बघितलं नव्हतं. त्यांना हे नाटक दूरच्या देशातलं, मला घरातलं. एकाच रांगेत दोन वेगळी नाटकं चालली होती.

उत्तरार्धात हसणं कमी होत गेलं. लेखिकेची ताकद मला इथे दिसली. आधी तिनं त्या माणसाला आपल्याला आवडू दिलं, मग त्या आवडण्याचा जाब विचारला. ती त्याला कुठेही माफ करत नाही, त्याचं भुतासारखं चित्रही काढत नाही. मराठीत हे नाटक यायला हवं, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात व्हायला हवं. खुर्च्या फेकल्या जातील कदाचित, तरीही.

१०.३०

वॉटर्लू पुलावरून बस. दुसऱ्या महायुद्धात हा पूल बांधणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली.

११.४५

वही उघडली. आजची नोंद तीन जागांची आहे. किंग हेन्रीज रोडवर चपला काढलेल्या आजी, अंगणात राजाच्या नजरेखाली उभी मी, आणि बाल्कनीत न हसलेली मी. प्रबंधाचा पहिला मसुदा प्रेक्षक या एकाच नामावर उभा होता. तो बदलावा लागेल. नाटकाआधी प्रेक्षक कुठून आलाय आणि कुठे उभा केलाय, यावर एक पूर्ण प्रकरण लागेल.

उद्या ग्रीनिचला जायचं ठरलं होतं, ते पुढे ढकललं. नाटकात सावरकर आहेत, आणि ते ज्या इंडिया हाउसमध्ये राहायचे ते हायगेटचं ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू हे घर अजून उभं आहे. भिंतीवर त्यांच्या नावाची निळी पाटी आहे. १९०९च्या दसऱ्याला गांधी आणि सावरकर लंडनमधल्या एकाच मेजवानीत बोलले होते, तेव्हा नथुरामचा जन्मही व्हायचा होता. नॉर्दर्न लाइननं आर्चवेला उतरायचं आणि टेकडी चढायची. साडेनऊला निघाले तर दुपारच्या प्रयोगाआधी परत येता येईल.