गादीतल्या ६८ बाटल्या

१५ डिसेंबर १९२१. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, ग्रँड रॅपिड्सपासून १६ मैलांवर दारूबंदीच्या अधिकाऱ्यांना समोरून येणारी एक ओल्ड्समोबिल दिसली आणि त्यांनी ती लगेच ओळखली. अडीच महिन्यांपूर्वी गिऱ्हाईक बनून त्यांनी याच गाडीवाल्यांशी तीन पेट्या व्हिस्कीचा सौदा ठरवला होता, तो फिसकटला. पुढे पाठलाग केला, तर गाडी ईस्ट लान्सिंगपाशी निसटली. या खेपेला मात्र त्यांनी ती गाठली. वरवर पाहता गाडीत काहीच नव्हतं. एका अधिकाऱ्याने सीटच्या पाठीवर हात मारला, ती नको तितकी टणक लागली. गादी फाडली, तर आतलं भरण काढून तिथे व्हिस्की आणि जिनच्या ६८ बाटल्या बसवलेल्या!

झडतीचं वॉरंट कुणाकडेच नव्हतं. १७९१ सालच्या चौथ्या घटनादुरुस्तीने नागरिकाला अवाजवी झडतीपासून संरक्षण दिलेलं. मग गाडीचं काय? २ मार्च १९२५ रोजी याच प्रकरणाच्या ‘कॅरोल विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ खटल्यात सरन्यायाधीश टॅफ्ट (हे पूर्वी राष्ट्राध्यक्षही होते) यांनी उत्तर दिलं: घर जागेवर राहतं, गाडी वॉरंट येईतो हद्दीबाहेर जाते. म्हणून सबळ कारण असेल तर वॉरंटशिवाय झडती चालेल. याच निकालात त्यांनी हेही बजावलं, की दारू सापडेल या आशेने रस्त्यावरची वाटेल ती गाडी अडवणं असह्य ठरेल. निकालाची ही दुसरी बाजू मला पहिलीइतकीच मोलाची वाटते. १९३३ साली दारूबंदी उठली, नियम राहिला.

त्यानंतरचे काही खटले तर मिनिटांवर लढले गेले. नेब्रास्कात २०१२ साली मध्यरात्री एक गाडी क्षणभर रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर गेली. पोलिसाने थांबवलं, लेखी ताकीद दिली, कागदपत्रं परत केली. मग विचारलं, गाडीभोवती कुत्रा फिरवू का? चालक नाही म्हणाला. तरीही त्याला थांबवून ठेवलं, आणि ताकीद दिल्यावर सातआठ मिनिटांत कुत्र्याने अमली पदार्थ हुंगले. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने ठरवलं: ज्या कामासाठी गाडी थांबवली ते संपलं, की वाजवी संशयाशिवाय चालकाला आणखी अडकवता येत नाही.

झडतीला चालकाने स्वतःच दिलेल्या संमतीची गोष्ट मात्र मनाला लागते. ‘तुम्ही नाही म्हणू शकता’ हे पोलिसाने सांगायलाच हवं असं नाही, असा १९७३ चा निकाल आहे. म्हणजे हक्क आहे, पण तो आधी ठाऊक असावा लागतो! काही राज्यं याहून पुढे गेली. अनेक मराठी कुटुंबं राहतात त्या न्यू जर्सीत २००२ पासून, रस्त्यात थांबवलेल्या चालकाकडे झडतीची परवानगी मागायलाही पोलिसाजवळ गुन्ह्याचा वाजवी संशय असावा लागतो.