एक कॉम्प्युटर, दोन कामं

परदेशीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात दोन कॉम्प्युटर मावत नाहीत, आणि पप्पांच्या खिशालाही ते झेपणारे नाहीत. मला गेम खेळायचे होते, शिवाय वसईतल्या मामेभावंडांसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हरही चालवायचा होता. पूर्वी मे महिना सगळे आजीकडे एकत्र काढायचो. आता रात्री त्या सर्व्हरवरच भेटतो. म्हणून साहित्याची विद्यार्थिनी असूनही मी सिल्वर मॉलच्या दुकानांत फिरून एकच पीसी जुळवला. त्यातून जे शिकले, ते सांगते.

सर्व्हर म्हणजे कॅरमचा बोर्ड समजा. खेळणारे आपापल्या घरी, बोर्ड माझ्या घरी. कोण कुठे उभं आहे, कुठला ठोकळा फुटला, याचा हिशोब तो ठेवतो. चित्र मात्र काढत नाही, त्यामुळे त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते फक्त माझ्या गेमसाठी.

माइनक्राफ्टचा सर्व्हर हा हिशोब सेकंदाला २० वेळा करतो, म्हणजे एका फेरीला ५० मिलीसेकंद मिळतात. यातलं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतं. म्हणून खूप कोअरपेक्षा वेगवान कोअर महत्त्वाचे. माझा गेमही त्याच मशीनवर चालणार, तेव्हा सहा ते आठ कोअर हवेत. रॅम ३२ जीबी घ्या, १६च्या दोन पट्ट्या. पाच-सहा जणांच्या सर्व्हरला ४ जीबी पुरतात, उरलेली विंडोज आणि गेमला.

नेटचं डाउनलोड सगळे बघतात, पण सर्व्हरला अपलोड लागतं. वायफायपेक्षा केबल बरी. आणखी एक मेख आहे. बरेच नेटवाले अनेक घरांना मिळून एकच आयपी पत्ता देतात, मग बाहेरच्याला तुमचं दार सापडत नाही. अशा वेळी जास्तीचे पैसे भरून स्वतंत्र आयपी घ्या, किंवा टेलस्केलसारखं खासगी नेटवर्क वापरा. आम्ही तेच वापरतो.

विजेचं गणित सोपं आहे. नुसता सर्व्हर चालू असताना पीसी ८० वॅट खात असेल, तर २४ तासांत जवळजवळ २ युनिट, महिन्याला ५८. म्हणून आमचा सर्व्हर रात्री ८ ते ११ एवढाच चालतो.

आता माझी चूक. धाकट्या मामेभावाने तीन आठवडे खपून गावातलं चर्च ठोकळ्यांनी बांधलं होतं, नाताळला आजीला दाखवायला. एका रात्री मी दुसरा गेम खेळत होते, सर्व्हर मागे चालू होता, आणि लाइट गेली. फाइल लिहिता लिहिता तुटली. परत सुरू केलं तेव्हा चर्चच्या जागी कोरी टेकडी! बॅकअप १९ दिवसांपूर्वीचा, त्यात फक्त पाया होता.

तो एवढंच म्हणाला, "ताई, आजीला काय सांगू?"

यूपीएस मी पैसे वाचवायला टाळला होता. आता ट्यूशनच्या पैशांतून घेतला. घेताना वॅट बघा: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो, गेम चालू असताना पीसी त्याहून जास्त ओढू शकतो. लाइट गेली की आधी गेम बंद, मग कन्सोलमध्ये 'स्टॉप' लिहून सर्व्हर बंद. आणि रोज ११ वाजता वर्ल्डची प्रत दुसऱ्या डिस्कवर.

चर्च आम्ही मिळून पुन्हा बांधलं. नाताळला नाही जमलं, ईस्टरला आजीने पाहिलं. घंटा चुकीच्या बाजूला आहे म्हणाली.