गोड्या पाण्याची वीत

भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने निघालात आणि वाटेत नांगरलेलं एखादं रिकामं मालवाहू जहाज जवळून दिसलं, तर त्याच्या ऐन मध्यावर बघा. एक वर्तुळ, त्याला छेदणारी आडवी रेघ आणि शेजारी फणीच्या दातांसारख्या आखूड रेघा. वर्तुळाचा व्यास ३०० मिलिमीटर, रेघ ४५०ची. पत्र्यावर कायमची उठवलेली ही भाररेषा. जहाज किती बुडू द्यायचं, ते ती सांगते.

फणीच्या उभ्या रेघेच्या नाळेकडचे, म्हणजे पुढचे, दात खाऱ्या पाण्याचे: उष्ण कटिबंध, उन्हाळा, हिवाळा. मागच्या बाजूचे गोड्या पाण्याचे. माझा जीव जडलाय तो या मागच्या दातांवर.

तरंगणारं जहाज आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतं. खाऱ्या पाण्याचा घनमीटर साधारण १,०२५ किलोचा, गोड्याचा १,००० किलोचा. म्हणजे मालासकट दहा हजार टन भरणाऱ्या जहाजाला समुद्रात ९,७५६ घनमीटर जागा पुरते, नदीत पूर्ण दहा हजार लागते. ती जागा मिळवायला ते आणखी खाली बसतं. मोठ्या जहाजाच्या बाबतीत हा फरक वीतभर असू शकतो.

बंदरातलं पाणी मात्र ना धड खारं, ना धड गोडं. म्हणून अधिकारी बादली सोडून पाणी वर घेतो आणि त्यात काचेचा हायड्रोमीटर तरंगत ठेवतो. नळी स्थिरावली की डोळा पाण्याच्या पातळीवर आणून आकडा वाचायचा. १,०१० आला, तर समुद्राच्या पाण्यापेक्षा पंधरा कमी. पूर्ण पंचवीसच्या फरकाला, म्हणजे निव्वळ गोड्या पाण्यात, सवलत २०० मिलिमीटर असेल, तर पंधराला १२०. तेवढंच जास्त बुडायची मुभा.

एवढी काटेकोर मोजणी उगाच आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात गच्च भरलेली, भरघोस विमा उतरवलेली जुनी जहाजं इंग्लंडहून सुटत. बुडाली तरी मालकाचं नुकसान नसे. खलाशी मात्र जात. डर्बीचा खासदार सॅम्युअल प्लिमसोल याविरुद्ध पेटून उठला. १८७५च्या जुलैत सरकारने याला आळा घालणारं विधेयक गुंडाळलं, तेव्हा भर सभागृहात त्याचा तोल सुटला. पुढच्या वर्षी रेघेचा कायदा झाला, पण रेघ कुठे मारायची ते मालकच ठरवत. ती पळवाट १८९०मध्ये बुजली. प्लिमसोलचा तो संताप मला आजही रास्त वाटतो.

कोलकात्याला हुगळीच्या गोड्या पाण्यात जहाज मागच्या दातापर्यंत भरतात. वर्तुळावरची रेघ तेव्हा पाण्याखाली असते. जहाज नदीने खाली येऊ लागतं, पाणी खारावत जातं, आणि एक पोतंही न उतरवता ती रेघ हळूहळू वर येते.