जुना डीएसएलआर की खिशातला कॉम्पॅक्ट? आधी धंदा सांगा, मग कॅमेरा

लोणंदसारख्या गावात स्वतःचं काहीतरी सुरू करायचं म्हटलं की कॅमेऱ्याचा विषय कधी ना कधी निघतोच. कुणाला स्टेशनजवळ फोटोचा गाळा टाकायचाय. कुणाला घरच्या मसाल्याच्या पाकिटांचे फोटो काढायचेत. कुणी एमआयडीसीत फॅब्रिकेशनची कामं घेतं आणि झालेलं काम पुढच्या गिऱ्हाईकाला दाखवायचं असतं. खिशातले पैसे साधारण सारखेच, आणि त्या पैशांत दोन गोष्टी बसतात: दहा-बारा वर्षं जुना, सेकंड हँड, सुरुवातीच्या श्रेणीतला डीएसएलआर, नाहीतर खिशात मावणारा कॉम्पॅक्ट. व्हिडिओत दोन्ही हातात धरून दाखवलेत. इथे त्यामागचा हिशोब जरा निवांत मांडतो.

जुना डीएसएलआर म्हणजे नक्की कुठला? निकॉन डी३१०० हा २०१० चा, १४ मेगापिक्सेलचा. कॅनन ११००डी २०११ चा, १२ मेगापिक्सेलचा. त्यानंतरचे निकॉन डी३२०० आणि कॅनन १२००डी. गावोगावच्या फोटोग्राफरांनी यांच्यावर वर्षानुवर्षं लग्नं काढली आणि मग नवे कॅमेरे घेतले, त्यामुळे हे बाजारात सहज मिळतात. कॉम्पॅक्टमध्ये मात्र दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. एक साधा, सोनी डब्ल्यू८३० सारखा. दुसरा सोनी आरएक्स१०० सारखा, एक इंची सेन्सरवाला. दिसायला भाऊ-भाऊ, पण आतून फार वेगळे.

वेगळे कसे, ते सेन्सरवरून कळतं. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा लहान. एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा (एक इंच हे नुसतं नाव आहे, पट्टी लावून मोजायला जाऊ नका). आणि ११००डीचा २२ बाय १५ च्या आसपास. क्षेत्रफळ काढलं तर डीएसएलआरचा सेन्सर साध्या कॉम्पॅक्टच्या जवळपास बारापट आणि एक इंचीच्या तिप्पट भरतो. अंगणात मोठं पातेलं ठेवलं तर पावसाचं पाणी जास्त जमतं, तसं मोठ्या सेन्सरवर उजेड जास्त जमतो. कमी उजेडात फोटो दाणेदार होतो की स्वच्छ येतो, हे बरंचसं यावर ठरतं. त्यामुळे डब्ल्यू८३० च्या खोक्यावर २० मेगापिक्सेल लिहिलेलं बघून १२ मेगापिक्सेलच्या ११००डीला कमी समजू नका.

मेगापिक्सेलचं भूत एकदा उतरवूनच टाकू. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा असतो. ३०० डीपीआयने छापला तरी साधारण ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात, म्हणजे पाव मेगापिक्सेलपेक्षाही कमी. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं पान बारा इंच उंच असतं. ११००डीचा आडवा फोटो त्या उंचीवर छापला तर इंचाला सुमारे २३७ पिक्सेल पडतात. मांडीवर अल्बम घेऊन बघणाऱ्या मावशींना त्यात काहीही कमी दिसणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर ते फोटो लहान करूनच पुढे धाडतं.

मग डीएसएलआरच घ्यायचा का? थांबा. इथेच बहुतेकांचे पैसे अडकतात.

किट लेन्सवर भाळू नका

सेकंड हँड डीएसएलआरबरोबर जी १८-५५ ची लेन्स मिळते, तिचं तोंड फार उघडत नाही. रुंद बाजूला एफ ३.५, झूम केल्यावर ५.६. आरएक्स१०० ची लेन्स रुंद बाजूला एफ १.८ पर्यंत उघडते. म्हणजे संध्याकाळी मंगल कार्यालयात, झूम न करता ग्रुप फोटो काढायचा असेल, तर खिशातला आरएक्स१०० किट लेन्सवाल्या जुन्या डीएसएलआरच्या बरोबरीने चालतो, कधी थोडा पुढेही जातो. झूम केलं की आरएक्स१०० ची लेन्स ४.९ वर येते आणि मोठ्या सेन्सरचा डीएसएलआर पुढे निघतो. गळ्यात मोठा कॅमेरा अडकवला म्हणून फोटो मोठा होत नाही, तो असा.

डीएसएलआरची खरी कमाई त्याला जोडता येणाऱ्या दोन गोष्टींत आहे. पहिली, ५० मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स. कॅनन आणि निकॉन दोघांकडेही ही त्यांच्या स्वस्त लेन्सपैकी एक आहे. ती लावली की ११००डीला एकदम डोळे फुटतात: चेहरा ठसठशीत, मागचं कार्यालय धूसर. दुसरी, वरच्या हॉटशूवर बसणारा फ्लॅश. तो छताकडे वळवून मारला की उजेड छतावरून मऊ होऊन खाली येतो, नवरीच्या कपाळावर पांढरा डाग पडत नाही. पहिल्या आरएक्स१०० ला हॉटशूच नाही, तो दुसऱ्या आवृत्तीत आला.

यात एक गंमत आहे. कॅननच्या नंतरच्या २००डी मार्क टूमध्ये हॉटशूची मधली पिन काढून टाकली आहे, त्यामुळे फक्त त्या पिनवर चालणारे स्वस्त फ्लॅश त्यावर पेटतच नाहीत. जुन्या ११००डीवर पेटतात.

निकॉनवाल्यांनी एक लक्षात ठेवा. डी३१००, डी३२०० या बॉडीत फोकसची मोटर नाही. ‘एएफ-एस’ लिहिलेलीच ५० मिलिमीटर घ्या. स्वस्तात मिळाली म्हणून जुनी ‘एएफ-डी’ उचललीत तर फोकस हाताने फिरवत बसाल.

आता धंदा

माझं मत सरळ आहे. तुम्ही फोटोच विकणार असाल तर जुना डीएसएलआर, ५० ची लेन्स आणि फ्लॅश. फोटो दाखवून दुसरं काही विकणार असाल तर कॉम्पॅक्ट.

फोटोच विकणाऱ्याचा हिशोब करून बघा. समजा बॉडी, किट लेन्स, ५० ची लेन्स, फ्लॅश आणि एक जादा बॅटरी मिळून २४,००० गेले. आठ पासपोर्ट फोटोंचा सेट ६० रुपयांना दिला आणि कागद, शाई, वीज धरून १५ खर्च झाला, तर हातात ४५. २४,००० भागिले ४५ म्हणजे ५३४ सेट. रोज सहा सेट गेले तर ८९ दिवस. आठवड्याची सुट्टी धरली तर साडेतीन महिन्यांत कॅमेरा सुटला. प्रिंटर, संगणक आणि गाळ्याचं भाडं यात नाही, ते वेगळं मांडा. हे आकडे समजुतीचे आहेत. तुमच्या चौकातला दर विचारून तुमचे टाका, आणि रोज सहाऐवजी दोनच सेट जाणार असतील तर ते आत्ताच कागदावर दिसू दे.

लोणंदमध्ये फोटोवाल्याला आषाढीच्या आधीचे दिवस सोन्याचे. नीरेत पादुकांना स्नान घालून माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते आणि तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. दोन्ही बाजूंना वारकरी उभे आणि मधून अश्व धावत येतात. तो क्षण साध्या कॉम्पॅक्टवर पकडायला जा: पडद्यावर चित्र दिसतं, बटण दाबता, तो फोकस शोधतो, आणि फोटोत येते घोड्याची शेपटी. डीएसएलआरच्या काचेतून बघताना फोकस झटकन लागतो आणि ११००डी किंवा डी३१०० सेकंदाला तीन फोटो काढतो. आजच्या हिशोबाने तीन म्हणजे काहीच नाही, पण कामाला पुरतात. फक्त पाऊस सांभाळा. हे जुने डीएसएलआर काय आणि कॉम्पॅक्ट काय, दोन्ही भिजायच्या लायकीचे नाहीत. प्लॅस्टिकची पिशवी, एक रबर आणि कोरडा पंचा जवळ ठेवा.

आता दुसरी बाजू. फॅब्रिकेशनवाला भाऊ साइटवर जातो तेव्हा एका हातात टेप असतो, दुसऱ्या हातात फोन. त्याच्या मागे कॅमेऱ्याची बॅग टिकत नाही. आठ दिवसांत ती कपाटात जाते आणि कपाटातला कॅमेरा एक रुपया मिळवत नाही. वर त्याला हवं असतं ते वेल्डिंगच्या पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत सगळं स्पष्ट. लहान सेन्सरवर जवळची-लांबची वस्तू एकदम स्पष्ट येणं सोपं जातं. म्हणजे लग्नात जी खोट, ती इथे सोय. मसाल्याची पाकिटं, इमिटेशन दागिने, बेकरीचे पदार्थ, सगळ्यांना हेच लागू. दिवसा खिडकीजवळ टेबल ओढा, समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा, कॅमेरा स्टँडवर लावा. या तीन गोष्टींनी जो फरक पडतो, तो कॅमेरा बदलून पडत नाही.

‘मग मोबाईल काय वाईट?’ वाईट नाहीच. चांगला फोन हातात असेल तर साधा डब्ल्यू८३० छापाचा कॉम्पॅक्ट मी आज घ्यायला सांगणार नाही. त्याचा लेन्सने होणारा आठपट झूम सोडला तर फोनपेक्षा जास्त तो फारसं काही देत नाही. कॉम्पॅक्ट घ्यायचाच तर एक इंचीच. आणि वर्षातून दोनदाच फोटो लागत असतील तर कॅमेराच घेऊ नका, गावातल्या फोटोग्राफरला दोन दिवसांचे पैसे द्या. त्याचीही चूल पेटते.

व्हिडिओ करायचे असतील तर माइकचं भोक आधी बघा. डी३२०० ला बाहेरचा माइक लागतो. डी३१००, ११००डी, १२००डी यांना लागत नाही. निकॉनने डी३३०० ला दिलेली ही सोय डी३४०० मधून काढून टाकली, तेव्हा ‘नवा म्हणजे बरा’ म्हणून जाऊ नका.

खरेदीला जाताना

आपला भाग कोरडा. धूळ भरपूर, कांद्याच्या बाजारात विचारूच नका. कॉम्पॅक्टची नळी आत-बाहेर होताना धूळ ओढते आणि एकदा नळी अडकली की दुरुस्ती बहुतेक वेळा परवडत नाही, कॅमेराच जातो. डीएसएलआरची लेन्स गेली तर फक्त लेन्स बदलते. घेतलेली लेन्स पुढेही उपयोगी पडते: उद्या मिररलेसवर गेलात तर कॅननची ईएफ आणि निकॉनची एएफ-एस लेन्स अ‍ॅडॅप्टरवर फोकससकट चालते.

मुंबई-कोकणाकडून आलेली लेन्स असेल तर मोबाईलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. दर कितीही पाडला तरी घेऊ नका.

स्वतःचं एसडी कार्ड घेऊन जा आणि दहा-बारा फोटो काढा. निकॉनने काढलेल्या मूळ फोटोच्या फाइलमध्येच शटर किती वेळा पडलं तो आकडा असतो, संगणकावर सॉफ्टवेअरने दिसतो. डी३१०० चं शटर एक लाखापर्यंत तपासलेलं आहे, तेव्हा नव्वद हजार झाले असतील तर भाव त्याच हिशोबाने बोला. या कॅननच्या फोटोत तो आकडा नसतो. तिथे बटणांवरची झीज, हॉटशूवरचे ओरखडे आणि विकणारा लग्नं काढायचा की घरगुती वापरायचा, यावरून अंदाज घ्या. शेवटी एफ १६ वर स्वच्छ आभाळाचा एक फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण साफसफाईचे पैसे किमतीतून वजा करून मगच हात मिळवा.